गरिबाच्या घराचा वकील

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणजे घटनेचे शिल्पकार, हे आपल्या लहान पोरालाही पाठ आहे. पण तेच बाबासाहेब परळच्या चाळीत राहणारे वकील होते आणि गरिबाच्या घरातलं भांडण, कर्ज, वाटणी यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध होता, हे फारसं कुणी सांगत नाही. विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त तेच सांगावं म्हणून लिहायला बसलो. मी गिरणी कामगार. शाळा थोडी, वाचन पाळी सुटल्यावरचं. चूकभूल उपासक-उपासिकांनी सांभाळून घ्यावी.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी पेन्शनीत आलेले, खाणारी तोंडं जास्त. त्यामुळे पैशाची ओढाताण त्यांनी लहानपणापासून पाहिली. १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९१६ ला लंडनला जाऊन अर्थशास्त्र आणि कायदा असे दोन्ही अभ्यास धरले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ ला अर्ध्यावर परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातला पैसा साठवला. राजर्षी शाहू महाराज आणि पारशी मित्र नवल भथेना यांची मदत घेतली आणि १९२० ला ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ ला बॅरिस्टर झाले.

इकडे परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत माता रमाई मोजक्या पैशात घर ओढत होत्या. या संसारात चार लेकरं गेली, एकटे यशवंतराव जगले. घरखर्चाचा हिशोब काय असतो, हे या माणसाला पुस्तकातनं शिकावं लागलं नव्हतं.

१९२३ ला मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली, तीसुद्धा सनदेसाठी मित्राकडून उसने पैसे घेऊन. जात आडवी आली. मोठे सॉलिसिटर त्यांच्याकडं काम पाठवत नसत. मग खालच्या कोर्टातली, बाहेरगावची कामं घेतली. १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसाराला हातभार लावला. परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत मात्र गोरगरिबांची रीघ असे. फीसाठी त्यांनी कुणाला दारातनं परत पाठवलं नाही. ज्याच्या स्वतःच्या घरी चणचण, तो दुसऱ्याचं काम कमी पैशात नाहीतर फुकट करत होता!

एकेक केस लढून सगळ्यांचा प्रश्न सुटत नाही, त्यासाठी कायदाच बदलावा लागतो, हे त्यांनी जाणलं. १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी बाळंतपणाच्या रजेत भत्ता देण्याच्या बिलाला पाठिंबा दिला. कामकरी बाई बाळंत झाली की पगार तुटतो आणि घर कर्जात जातं. १९२९ ला तो कायदा झाला. १९३७ ला कोकणातली खोती मोडण्याचं बिल त्यांनी स्वतः मांडलं.

पुढं स्वतंत्र भारताचे कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल हाती घेतलं. त्या काळी बापाच्या मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा वाटा नव्हता. विधवेला मिळालेली मिळकत नुसती हयातीपुरती, ती तिला मनाप्रमाणे विकता येत नसे. नवरा दुसरी बायको करू शके. बिलात मुलीला वाटा, विधवेला पूर्ण मालकी, एकपत्नीत्व, घटस्फोट आणि पोटगी होती. सनातन्यांनी गदारोळ केला. चार वर्षं रखडून १९५१ ला बिल बाजूला पडलं. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी राजीनामा दिला. इतर कारणंही होती, पण हे मोठं कारण होतं. बायकांच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडलं, आणि त्यातल्या बहुतेक बायका त्यांच्या समाजाच्या नव्हत्या.

नंतर १९५५ आणि १९५६ साली त्याच बिलाचे तुकडे होऊन विवाह, वारसा, दत्तक व पोटगी, पालकत्व असे चार कायदे झाले. नाव हिंदू असलं तरी ते आपल्या बौद्धांनाही लागू आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आणि सगळ्या देशात २००५ ला मिळाला.

आता आपल्याकडचं सांगतो. आमच्या खात्यातला एक सहकारी अचानक गेला. त्याचं लग्न विहारात बौद्ध पद्धतीनं झालेलं, पण नोंदणी केली नव्हती. फंडाच्या फॉर्मवर वारसाचं नाव नाही. भाऊबंद हक्क सांगायला उभे राहिले आणि दोन लेकरांच्या आईला मी याची बायको आहे हे सिद्ध करत दोन वर्षं हेलपाटे घालावे लागले. शेवटी फुकट मिळालेला सरकारी वकील, रेशनकार्ड आणि विहाराच्या वहीतली लग्नाची नोंद कामाला आली. ही वही आपल्यातल्याच एका जुन्या उपासकानं जपून ठेवली होती. मीही त्या लग्नात जेवलो होतो. नोंदणी करा असं आम्हा कार्यकर्त्यांपैकी एकानंही तेव्हा सांगितलं नाही. ही बोच मला आहे.

म्हणून विनंती आहे. लग्न विहाराच्या वहीत लिहाच, शिवाय सरकारदरबारी नोंदवा. फंड, बँक, विमा यांवर वारसाचं नाव घाला, लग्नानंतर ते बदला. भावांनो, बहिणीकडून हक्कसोडपत्रावर गोडीगुलाबीनं सही घेऊ नका. कोर्टाचं काम पडलं तर घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं महिलांना, अनुसूचित जातीच्या लोकांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टात त्याची कचेरी असते.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यांनी मिळवून दिलेला हक्क आपल्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत कागद होऊन असला पाहिजे. फोटोला हार घालताना एकदा ती पेटीही उघडून बघावी.

जयभीम! नमो बुद्धाय!