चाळिशीत नवा व्यायाम धरणारा राजा

चाळिशी आली की पोट सुटायचेच, ही समजूत घरोघरी आहे. साताऱ्याजवळच्या औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे आयुष्य मात्र वेगळेच सांगते.

त्यांचा जन्म १८६८ चा. तरुणपणी जगभर युजीन सँडो या शरीरसौष्ठवपटूचा बोलबाला होता. १८९७ च्या सुमारास भवानरावांनी त्याची पुस्तके आणि साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. तेव्हा ते चाळिशीत पोहोचले होते. ज्या वयात अनेकांचा व्यायाम सुटतो, त्या वयात त्यांनी नवा व्यायाम धरला.

१९०९ मध्ये ते गादीवर आले. राज्यकारभार, चित्रकला, कीर्तने असा व्याप असूनही त्यांनी नमस्कार सोडले नाहीत. संस्थानातल्या शाळांमध्येही ते सुरू केले. १९२८ मध्ये सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा लुईझ मॉर्गन या पत्रकार महिलेने त्यांच्या पद्धतीविषयी लिहिले आणि १९३८ मध्ये त्यावरचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले. १९३९ मध्ये सत्तरीत असताना त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने कारभार प्रजेच्या हाती सोपवला. १९५१ मध्ये, ८२ वर्षांचे आयुष्य जगून ते गेले.

सूर्यनमस्काराने अनेक रोग बरे होतात, असे त्यांचे मत होते. आजचे शास्त्र ते सगळे मान्य करणार नाही. पण मूळ मुद्दा टिकतो. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार, शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतली तर चयापचयाचा वेग विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर राहतो. म्हणजे ‘वयामुळे वजन वाढले’ हे पूर्ण खरे नाही. वयाबरोबर स्नायू घटतात, हालचाल कमी होते आणि ताट मात्र तेवढेच राहते. वजन वाढते ते तिथे.

सूर्यनमस्कारात हात, खांदे, पाठ आणि पाय यांना शरीराचेच वजन पेलावे लागते, म्हणून स्नायूंना काम मिळते. मात्र केवळ नमस्कारांनी वजन उतरेल असे नाही; जेवणाचे प्रमाणही पाहावे लागते.

आज सुरुवात करायची तर रोज तीन-चार नमस्कार पुरेत, दर आठवड्याला एखाद-दुसरा वाढवावा. गुडघे, कंबर, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. भवानरावांकडून घ्यायचा तो आकडा नव्हे, सातत्य.