मिशिमाचा शेवटचा अंक

युकिओ मिशिमा हे टोपणनाव. खरं नाव किमिताके हिराओका, जन्म १९२५, टोकियो. आजारी आजीने त्याला आईपासून दूर, स्वतःच्या खोलीत वाढवलं. १९४५मध्ये सैन्यभरतीच्या तपासणीत डॉक्टरांनी सर्दीतापाला क्षय समजून घरी धाडलं. जीव वाचला, पण युद्धात मरायचं राहून गेलं, हे त्याच्या मनातून गेलंच नाही.

१९४९च्या 'कन्फेशन्स ऑफ अ मास्क'मध्ये पुरुषांची ओढ लपवणारा तरुण आहे. बाणांनी विंधलेल्या सेंट सेबॅस्टियनचं चित्र पाहून त्याची वासना जागी होते. पुढे मिशिमाने लग्न केलं, दोन मुलं झाली. तिशीत जिम लावली, शरीर कमावलं आणि चक्क सेबॅस्टियनच्या पोझमध्ये फोटो काढून घेतले! १९६८मध्ये सम्राटासाठी खासगी सेनाही उभारली.

२५ नोव्हेंबर १९७०. चार तरुण साथीदारांसह टोकियोतल्या लष्करी तळावर जाऊन त्याने जनरलला ओलीस धरलं, बाल्कनीतून सैनिकांना बंडाची हाक दिली. सैनिकांनी हुर्यो उडवली. आत येऊन त्याने हाराकिरी केली. हे खरंच बंड होतं? मला तर आधीच लिहून ठेवलेला नाटकाचा शेवटचा अंक वाटतो. त्याच सकाळी त्याने शेवटच्या कादंबरीचा अखेरचा भाग संपादकासाठी काढून ठेवला होता.

फक्त या अंकात त्याच्यापाठोपाठ मासाकात्सु मोरिताही मेला. वासेदा विद्यापीठात शिकलेला, वय २५.