बेपत्ता इतिहासकाराचे जनक : वॉशिंग्टन अर्व्हिंग

न्यूयॉर्कच्या 'ईव्हनिंग पोस्ट' या वृत्तपत्रात २६ ऑक्टोबर १८०९ रोजी एक छोटीशी सूचना प्रसिद्ध झाली. जुना काळा कोट आणि तिकोनी टोपी घातलेले निकरबॉकर नावाचे एक ठेंगणे वृद्ध गृहस्थ मुक्कामाच्या हॉटेलातून निघून गेले असून त्यांचा ठावठिकाणा लागत नाही, त्यांचे चित्त पुरते थाऱ्यावर नसावे अशी शंका आहे, तरी कोणास काही माहिती असल्यास कळवावी, असा तिचा आशय होता. पुढे एका प्रवाशाने अशा वर्णनाचा माणूस शहराबाहेरच्या रस्त्याकडेला बसलेला पाहिल्याचे वृत्तपत्राला कळविले. नोव्हेंबरच्या मध्यास हॉटेलमालकाचे पत्र आले. निकरबॉकर यांच्या खोलीत त्यांच्या हस्ताक्षरातील एक विचित्र ग्रंथ सापडला आहे. ते परतले नाहीत, तर राहण्याजेवणाची थकबाकी वसूल करण्यासाठी तो विकणे भाग पडेल, असे त्याने बजावले होते. शहरातील काही अधिकारी या वृद्धाच्या शोधासाठी बक्षीस जाहीर करण्याच्या विचारात होते, असेही सांगितले जाते.

६ डिसेंबर १८०९ रोजी तो ग्रंथ बाजारात आला आणि उलगडा झाला. हरवलेला वृद्ध, प्रवासी आणि हॉटेलमालक यांपैकी कोणीही अस्तित्वात नव्हते. हा सारा बनाव २६ वर्षांच्या वॉशिंग्टन अर्व्हिंग या वकिलाने रचला होता. डीड्रिख निकरबॉकर या कल्पित विद्वानाच्या नावावर त्यांनी लिहिलेला न्यूयॉर्कचा हा इतिहास अमेरिकेच्या विनोदी वाङ्मयातील आद्य महत्त्वाचा ग्रंथ मानला जातो.

अर्व्हिंग यांचा जन्म ३ एप्रिल १७८३ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपत आले होते. विजयी सेनापतीचे नाव आईवडिलांनी आपल्या धाकट्या मुलास दिले. वडील विल्यम हे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरून आलेले, शिस्तप्रिय व्यापारी होते. वॉशिंग्टन हे त्यांच्या ११ अपत्यांपैकी शेवटचे. शाळेतील अभ्यासापेक्षा प्रवासवर्णने आणि नाटके यांत त्यांचे मन अधिक रमे. १८०२ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, त्यांनी भावाच्या वृत्तपत्रात जोनाथन ओल्डस्टाइल या नावाने पत्रे लिहिण्यास प्रारंभ केला. एका तरुणाने कुरकुऱ्या म्हाताऱ्याचे सोंग घ्यावे आणि समाजाची थट्टा करावी, हा त्यांचा आवडता मार्ग तेव्हापासूनचा. १८०७ मध्ये थोरले बंधू विल्यम आणि मित्र जेम्स पॉल्डिंग यांच्यासह त्यांनी 'साल्मागुंडी' हे विनोदी नियतकालिक काढले. वेडगळ लोकांच्या गावासाठी इंग्लंडमध्ये रूढ असलेले 'गॉथम' हे नाव न्यूयॉर्कला त्यातूनच चिकटले.

त्याच सुमारास डॉ. सॅम्युएल मिचिल यांनी लिहिलेली न्यूयॉर्क शहराची एक माहितीपुस्तिका प्रसिद्ध झाली होती. तिच्यातील पांडित्याचे विडंबन करावे, या हेतूने वॉशिंग्टन आणि त्यांचे बंधू पीटर यांनी लेखन सुरू केले. पीटर युरोपला गेल्यावर ते काम वॉशिंग्टन यांच्याकडे राहिले. परंतु ते पूर्ण होण्यापूर्वीच त्यांच्यावर मोठा आघात झाला. ज्यांच्या हाताखाली ते कायदा शिकत होते, त्या जोसाया हॉफमन यांची कन्या मटिल्डा हिच्याशी त्यांचा विवाह व्हायचा होता. २६ एप्रिल १८०९ रोजी क्षयाने तिचे निधन झाले. ती अवघी १७ वर्षांची होती. शोकाकुल अर्व्हिंग गावी एकांतात जाऊन राहिले आणि तेथेच त्यांनी हा ग्रंथ पुढे नेला. अमेरिकेला पोट धरून हसविणारे पुस्तक त्यांनी आयुष्यातील सर्वांत दुःखद वर्षात सिद्ध केले. ते अखेरपर्यंत अविवाहित राहिले.

ग्रंथाचा आव अत्यंत गंभीर आहे. न्यूयॉर्कचा इतिहास सांगायचा, तर प्रारंभ विश्वाच्या उत्पत्तीपासूनच हवा, असा निकरबॉकर यांचा आग्रह. त्यामुळे पहिल्या खंडात पृथ्वी कशी निर्माण झाली याविषयीच्या पंडितांच्या मतांची गर्दी आहे. बायबलमधील नोहाने पृथ्वी आपल्या तीन पुत्रांत वाटून दिली. त्याला चौथा पुत्र असता तर अमेरिका त्याच्या वाट्यास आली असती आणि संशोधकांचे श्रम वाचले असते, अशी हळहळ तेथे व्यक्त होते. खरे आणि काल्पनिक दाखले शेजारी शेजारी बसविलेले असल्याने वाचकाला कोणता कोठे संपतो ते कळत नाही.

पुढे न्यू ॲमस्टरडॅम या डच वसाहतीचे गव्हर्नर येतात. वाउटर व्हान ट्विलर, विल्यम कीफ्ट आणि पीटर स्टायव्हसंट ही तिन्ही माणसे इतिहासात होऊन गेलेली. त्यांची चरित्रे मात्र निकरबॉकर यांच्या टाकसाळीतली. व्हान ट्विलर यांची उंची पाच फूट सहा इंच आणि घेर सहा फूट पाच इंच. दोन व्यापाऱ्यांमधील हिशेबाचा तंटा त्यांच्यापुढे आला, तेव्हा त्यांनी दोघांच्या वह्या हातात घेऊन तोलल्या, पाने मोजली आणि वह्या सारख्याच भरल्याने हिशेबही बरोबरीत सुटल्याचा निवाडा दिला. खटल्याचा खर्च शिपायाने सोसावा, असाही हुकूम झाला. घोषणा आणि जाहीरनामे काढून शत्रूला नमविण्याची उमेद बाळगणाऱ्या कीफ्टच्या चित्रात समकालीन वाचकांना अध्यक्ष टॉमस जेफर्सन दिसले.

या थट्टेच्या पोटात एक धारदार प्रकरणही आहे. युरोपीयांनी अमेरिकेची भूमी ताब्यात घेतली, ती कोणत्या हक्काने, याची चर्चा करताना निकरबॉकर एक कल्पना मांडतात. उद्या चंद्रावरचे लोक अधिक प्रभावी शस्त्रे घेऊन पृथ्वीवर उतरले, त्यांनी येथील माणसांना रानटी ठरविले आणि सुधारणेच्या नावाखाली त्यांच्या जमिनी बळकावल्या, तर ते न्याय्य ठरेल काय? मूळ रहिवाशांच्या वतीने विचारलेला हा प्रश्न एका खोट्या इतिहासकाराच्या तोंडी आला, हे विशेष. वसाहतीच्या राजवटीचा अनुभव घेतलेल्या देशांतील वाचकांना तो समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

सर्वांनाच हा विनोद मानवला नाही. न्यूयॉर्क आणि ऑल्बनी येथील जुन्या डच घराण्यांना आपले पूर्वज आळशी, खादाड आणि तंबाखूच्या धुरात बुडालेले दाखविल्याचा संताप आला. १८१८ मध्ये गुलियन व्हरप्लांक यांनी न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीपुढील व्याख्यानात या ग्रंथावर टीका केली. गंमत अशी, की ग्रंथाची अर्पणपत्रिका याच संस्थेच्या नावे होती. सर वॉल्टर स्कॉट यांना मात्र पुस्तकाने मोहिनी घातली. १८१३ मध्ये ते त्यांच्या हाती पडले आणि घरच्या मंडळींना वाचून दाखविताना त्यांची हसून पुरेवाट झाली. पुढे स्कॉट यांचा स्नेह अर्व्हिंग यांच्या फार उपयोगी पडला.

१८१५ मध्ये अर्व्हिंग कुटुंबाच्या व्यवसायासाठी इंग्लंडला गेले. १८१८ मध्ये त्या व्यवसायाचे दिवाळे निघाले आणि लेखणी हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन झाले. १८१९-२० मध्ये जेफ्री क्रेयॉन या नावाने त्यांचे 'स्केच बुक' प्रसिद्ध झाले. वीस वर्षे झोपून राहिलेल्या रिप व्हान विंकलची जगभर पोहोचलेली कथा त्यातलीच. ही कथा आणि 'स्लीपी हॉलो'ची आख्यायिका या दोन्ही आपल्याला दिवंगत निकरबॉकर यांच्या कागदपत्रांत सापडल्या, अशी बतावणी अर्व्हिंग यांनी केली होती.

१८२६ मध्ये ते माद्रिदला गेले. कोलंबसविषयीची जुनी कागदपत्रे स्पेनमध्ये प्रसिद्ध होत होती आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर करावे, असे त्यांना सुचविण्यात आले होते. भाषांतराऐवजी त्यांनी स्वतंत्र चरित्र लिहिले. ते १८२८ मध्ये, या वेळी त्यांच्या स्वतःच्या नावाने, प्रकाशित झाले. ग्रंथामागे परिश्रम होते, आधार होते आणि वाचकांचा विश्वासही होता. परंतु सालामान्का येथे कोलंबसाची पंडितांशी झालेली चर्चा रंगविताना कथाकार अर्व्हिंग इतिहासकार अर्व्हिंग यांच्यावर मात करून गेले. एका बाजूस धर्मवचनांचा आधार घेऊन पृथ्वीच्या गोलत्वावर आक्षेप घेणारे धर्मपंडित आणि दुसऱ्या बाजूस एकाकी, द्रष्टा कोलंबस, असे नाट्यमय चित्र त्यांनी उभे केले. काही विद्वानांना पृथ्वीचे गोलत्व मान्य होते, हे त्यांनी नमूद केले आहे; पण लक्षात राहिले ते नाट्य.

वस्तुस्थिती वेगळी होती. पृथ्वी गोल आहे हे युरोपातील सुशिक्षितांना प्राचीन ग्रीकांच्या काळापासून ज्ञात होते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीसने तिचा परीघही मोजला होता. कोलंबसाशी वाद होता तो अंतराचा. पश्चिमेकडून आशिया त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी दूर आहे, हे पंडितांचे म्हणणे बरोबर होते आणि वाटेत अमेरिका आडवी आली म्हणूनच तो वाचला. तरीही सपाट पृथ्वी मानणाऱ्या जगाला कोलंबसाने खोटे ठरविले, ही समजूत एकोणिसाव्या शतकात पाठ्यपुस्तकांतून पसरली आणि ती आजही ऐकू येते. जेफ्री बर्टन रसेल या इतिहासकाराने १९९१ मध्ये या समजुतीचा माग काढला, तेव्हा तिच्या प्रमुख उगमांपैकी एक अर्व्हिंग यांचे चरित्र ठरले.

१८२९ मध्ये ग्रॅनाडाच्या विजयाची बखर त्यांनी पुन्हा एका कल्पित साधूच्या नावे लिहिली. प्रकाशक जॉन मरे यांनी त्यांच्या इच्छेविरुद्ध मुखपृष्ठावर त्यांचेच नाव छापले. अर्व्हिंग नाराज झाले. सोंगाखालील लेखन वाचक कोणत्या नजरेने वाचतो आणि खऱ्या नावाखालील कोणत्या, हा फरक ते चांगला ओळखून होते.

१७ वर्षांनी, १८३२ मध्ये, ते मायदेशी परतले. हडसन नदीकाठी त्यांनी 'सनीसाइड' हे घर उभारले. १८४२ ते १८४६ या काळात ते स्पेनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. ज्यांचे नाव धारण केले, त्या जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पाच खंडांचे चरित्र पूर्ण करून २८ नोव्हेंबर १८५९ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. स्लीपी हॉलोच्या दफनभूमीत ते विसावले.

निकरबॉकर मात्र हयात राहिले. १८४८ च्या सुधारित आवृत्तीत अर्व्हिंग यांनी समाधानाने नोंदविले, की विमा कंपन्यांपासून पावापर्यंत अनेक गोष्टींना हे नाव मिळाले आहे. जुन्या न्यूयॉर्ककरांना निकरबॉकर म्हटले जाऊ लागले. १९४६ मध्ये स्थापन झालेला बास्केटबॉल संघ 'निक्स' हे त्याचेच संक्षिप्त रूप मिरवतो. पुस्तकातील चित्रांत डच मंडळींनी घातलेल्या ढगळ, गुडघ्यापर्यंतच्या विजारींनाही तेच नाव पडले. त्याचा संक्षेप होत होत 'निकर' हा शब्द भारतीय भाषांत आणि मराठी घरांतही रुळला.

अर्व्हिंग यांच्या या दोन ग्रंथांची तुलना उद्बोधक आहे. एकात जवळजवळ सारेच रचलेले होते, परंतु लेखक डोळे मिचकावून सांगत असल्याने त्याने कोणाची दिशाभूल फार काळ केली नाही. उलट विजेत्यांच्या हक्काविषयी एक बोचरे सत्य सांगितले. दुसऱ्यात बहुतांश खरे होते, पण त्याच्या विश्वासार्हतेच्या आडोशाने एक रंगविलेला प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून शिकविला गेला. बेपत्ता निकरबॉकर यांना शोधण्यास न्यूयॉर्ककरांना सहा आठवडेही लागले नाहीत. सपाट पृथ्वीची समजूत अजून पूर्णपणे हटलेली नाही.