नेव्हिल कार्डस : क्रीडावृत्ताला साहित्यरूप देणारा पत्रकार

क्रीडावृत्तलेखनाचा विचार करताना एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. सामन्याचा निकाल वाचकाला आधीच ठाऊक असेल, तर दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रातील वृत्तान्त त्याने का वाचावा? या प्रश्नाचे उत्तर आपल्या लेखणीने देणारे इंग्रज पत्रकार सर नेव्हिल कार्डस यांचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत.

कार्डस यांचा जन्म १८८८ मध्ये मँचेस्टर येथे झाला. वडिलांचे छत्र त्यांना लाभले नाही. आजी-आजोबांच्या घरी ते वाढले. लोकांचे कपडे धुऊन देणे हे त्या घराच्या उपजीविकेचे एक साधन होते. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांची शाळा सुटली. नाट्यगृहात चॉकलेट विकण्यासारखी किरकोळ कामे करीत पुढे ते एका सागरी विमा कचेरीत कारकून झाले. औपचारिक शिक्षण थांबले, अध्ययन मात्र थांबले नाही. शहरातील मोफत सार्वजनिक ग्रंथालयांत, स्वतः आखलेल्या वेळापत्रकानुसार, त्यांनी साहित्य, तत्त्वज्ञान आणि संगीत यांचा अभ्यास केला. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या तुम्हाला ही धडपड परकी वाटणार नाही.

१९१२ मध्ये ते श्रूझबरी येथील शाळेत क्रिकेटचे साहाय्यक प्रशिक्षक झाले आणि १९१७ मध्ये सी. पी. स्कॉट यांच्या संपादकत्वाखालील 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये दाखल झाले. क्रीडावृत्त हे त्यांचे ठरवलेले क्षेत्र नव्हते. १९१९ मध्ये आजारातून उठल्यावर मोकळ्या हवेत काही दिवस घालवावेत, या हेतूने त्यांना ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानावर पाठविण्यात आले. या योगायोगातून 'क्रिकेटर' या टोपणनावाने त्यांचे लेखन सुरू झाले आणि ते १९३९ पर्यंत चालले. १९२७ पासून त्याच वृत्तपत्राचे प्रमुख संगीत समीक्षक म्हणूनही त्यांनी काम पाहिले.

त्यांच्या लेखनाचे वेगळेपण कशात आहे, ते पाहू. धावफलक किती धावा झाल्या ते सांगतो. त्या कोणत्या स्वभावाच्या माणसाने, कोणत्या मनःस्थितीत काढल्या, ते सांगत नाही. कार्डस यांनी नेमकी ही उणीव भरून काढली. खेळाडूला त्यांनी व्यक्तिरेखेचे आणि सामन्याला नाट्याचे रूप दिले. १९२१ मध्ये ईस्टबोर्न येथे आर्ची मॅकलारेन यांचा संघ बलाढ्य ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध पहिल्या डावात अवघ्या ४३ धावांत बाद झाला, तरीही अखेरीस २८ धावांनी विजयी झाला. कार्डस या सामन्याला उपस्थित होते आणि त्यांच्या वृत्तान्ताने त्यांची कीर्ती वाढविली.

मात्र या शैलीची दुसरी बाजूही अभ्यासकाने लक्षात घेतली पाहिजे. यॉर्कशायरचे एमट रॉबिन्सन यांच्यासारख्या खेळाडूंच्या तोंडी कार्डस यांनी घातलेले काही संवाद त्यांचे स्वतःचे होते. व्यक्तीच्या स्वभावाशी सुसंगत असे वाक्य रचले, तर त्यातून अधिक खोल सत्य व्यक्त होते, अशी त्यांची भूमिका होती. कथाकाराला ही मुभा असते. वार्ताहराला ती नसते. वाचक वृत्तपत्र हाती घेतो तो घडलेले जाणण्यासाठी, आणि छापलेले वाक्य खरोखर उच्चारले गेले असा त्याचा विश्वास असतो. तो ढळला, तर सुंदर भाषाही वृत्ताला तारू शकत नाही.

१९४० ते १९४७ या काळात कार्डस ऑस्ट्रेलियात राहिले. १९६७ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि २८ फेब्रुवारी १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. कार्डस यांच्याकडून निरीक्षण, व्यासंग आणि भाषेची श्रीमंती जरूर घ्या. संवाद मात्र कानांनी ऐकलेलेच लिहा.

स्वयंअध्ययन : तुमच्या गावातील एखादा कबड्डी, खो-खो अथवा क्रिकेटचा सामना प्रत्यक्ष पाहा. एका खेळाडूचे व्यक्तिचित्र उभे राहील असा १५० शब्दांचा वृत्तान्त लिहा. लिहून झाल्यावर, जे पाहिले वा ऐकले नाही असे प्रत्येक वाक्य खोडा आणि काय उरते ते तपासा.