चित्रकार वासुदेव गायतोंडे

झाडाचे चित्र काढताना नवख्या चित्रकारासमोर झाड असते. चूक कोठे झाली, हे त्याला ताडून पाहता येते. अमूर्त चित्राला असा आधार नसतो. चित्र पूर्ण झाले की नाही, हे चित्रकारानेच ठरवायचे असते. हा निर्णय घेण्याचे बळ वासुदेव गायतोंडे यांनी वर्षानुवर्षांच्या साधनेने कमावले.

मूळच्या गोव्याच्या कुटुंबात १९२४ साली नागपूर येथे त्यांचा जन्म झाला. बालपण गिरगावातील चाळीत गेले. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून १९४८ साली त्यांनी पदविका घेतली. आरंभीची त्यांची चित्रे भारतीय लघुचित्रांच्या वळणाची, मनुष्याकृतींनी भरलेली होती. पुढे पॉल क्ले या स्विस चित्रकाराच्या कलेने त्यांना ओढून घेतले. आकृती साध्या झाल्या, रेषा मोकळी झाली. पुढच्या काही वर्षांत आकृती गेल्या, मग रेषाही मागे पडली आणि उरला तो केवळ रंग व प्रकाश. हाताशी असलेला एकेक आधार त्यांनी पेलण्याची तयारी झाल्यावरच सोडला. मूळचा पाया पक्का होता, म्हणूनच हा त्याग त्यांना साधला.

स्वतंत्र भारत तेव्हा स्वतःची नवी भाषा शोधत होता. शिवालिकच्या पायथ्याशी चंदीगड उभे राहत होते; त्याच दशकात, १९५७ साली, टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात गायतोंडे यांना प्रथम पारितोषिक मिळाले. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ साली पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. त्यानंतर ते दिल्लीत स्थायिक झाले.

कीर्ती आली, तरी कामाची गती वाढली नाही. रोलर आणि पॅलेट नाइफ यांच्या साहाय्याने ते रंगाचे थर चढवीत आणि खरवडून काढीत. कोऱ्या कॅनव्हाससमोर दीर्घकाळ बसून राहणे हाही त्यांच्या कामाचाच भाग होता. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत. १९८४ सालच्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास रंगवणे काही वर्षे अशक्य झाले, तेव्हा ते कागदावर शाईने लहान चित्रे करू लागले.

२००१ साली त्यांचे निधन झाले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले.

पाल्याने रंगांचे नुसते पट्टे ओढलेला कागद समोर आणला, की हे काय काढले आहेस, असा प्रश्न पालकांच्या ओठांवर सहज येतो. त्याऐवजी, आणखी काही करावेसे वाटते का, एवढेच विचारावे. उत्तर देण्यासाठी ते मूल कागदाकडे पुन्हा एकदा पाहील. गायतोंडे आयुष्यभर तेच करीत राहिले.