डेक्कन क्वीनमधले गणिती: दामोदर कोसंबी

मी मुलुंडला राहतो. लोकलची वाट बघत उभा असलो की डेक्कन क्वीन न थांबता धडधडत निघून जाते. 1945 नंतर कित्येक वर्षं याच गाडीने एक गणिती पुण्याहून मुंबईला टीआयएफआरमध्ये ये-जा करायचे: दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासाच्या पुस्तकांमुळे नाव ऐकलं असेल. मी मात्र त्यांच्यापर्यंत पोचलो एका बगमुळे.

एका प्रोटीनच्या हलत्या आकारांची तुलना करायची होती. 300 अमिनो आम्लं, प्रत्येकाचा एकच बिंदू धरला तरी एका फ्रेमला 900 आकडे, आणि अशा हजारो फ्रेम. आधी सगळ्या फ्रेम फिरवून एकमेकींवर बसवायच्या असतात. तेच विसरलो! मग काय, सगळ्यात मोठा बदल म्हणून दिसलं ते अख्ख्या प्रोटीनचं गरगर फिरणं. दोन दिवस गेले. चूक सुधारल्यावर 900 आकड्यांचं काम दोन-तीन दिशांत भागलं, कुठला भाग दारासारखा उघडतो-मिटतो ते कळलं.

ही पद्धत म्हणजे पीसीए. ती सुट्या आकड्यांवर चालते. सलग वक्रांसाठी तिचंच जे रूप आहे त्याला कारुनेन-लोएव्ह म्हणतात. पण कोसंबींनी ते 1943 मध्येच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं होतं. ते दोघं नंतरचे.

जन्म गोव्यातला, 1907 चा. वडील धर्मानंद बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. त्यांच्यासोबत लहानपणीच अमेरिका, 1929 ला हार्वर्डची पदवी. मग बनारस, अलीगढ, पुण्याचं फर्ग्युसन. मला सगळ्यात भारी वाटतो तो नाण्यांचा उद्योग. हजारो प्राचीन नाणी त्यांनी तोलली, कारण हाताळून नाणं झिजतं, आणि वजनातल्या घटीवरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज येतो. जनुकांमधलं अंतर काढायचं त्यांचं 1944 चं सूत्र आजही सॉफ्टवेअरमध्ये 'कोसंबी' याच नावाने निवडता येतं.

पुढे रीमान गृहीतक सिद्ध केल्याचा दावा त्यांनी केला, तोही शेतीच्या संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये. सिद्धता टिकली नाही, गणितातलं नाव खराब झालं. 1962 मध्ये टीआयएफआरने करार वाढवला नाही. 29 जून 1966 ला ते पुण्यात गेले.

हल्ली काही पेपरांत कोसंबी-कारुनेन-लोएव्ह असं लिहितात. मीही माझ्या कोडच्या कॉमेंटमध्ये तसंच लिहिलं. रिव्ह्यू करणाऱ्याने विचारलं, हे पहिले कोण?