विश्लेषण : धर्म, श्रद्धा आणि बुवाबाजी… शाहू महाराजांनी रेष कुठे ओढली?

एखाद्या बाबाच्या मठावर पोलिसांची कारवाई झाली की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. भक्त म्हणतात, आमच्या श्रद्धेत ढवळाढवळ नको. विरोधक म्हणतात, हा धर्मच नाही, ही बुवाबाजी. धर्म, व्यक्तिगत श्रद्धा आणि एका माणसाभोवती उभा राहिलेला बंदिस्त भक्तगट, ज्याला आता आपणही सर्रास ‘कल्ट’ म्हणतो, या तिन्हींची इथे गल्लत होते. कोल्हापुरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाच गुंता एका राजाच्या आयुष्यात उभा राहिला होता.

‘पंथ’ म्हणजे ‘कल्ट’ का?

नाही. मराठीत पंथ किंवा संप्रदाय हे चांगले शब्द आहेत. वारकरी, महानुभाव, नाथ, दत्त या परंपरांत गुरू असतो, नियम असतात, पण माळ काढून ठेवली म्हणून कुणी घरादाराला मुकत नाही. धर्म म्हणजे ग्रंथ, विधी, पुरोहित, मठ, उत्पन्न यांची मोठी व्यवस्था. श्रद्धा ही ज्याची त्याची. तिला पावती लागत नाही. आणि ‘कल्ट’मध्ये प्रश्न विचारण्याची आणि बाहेर पडण्याची वाट बंद असते. अडचण अशी की, हा तिसरा गुण लहान गटांपुरताच राहत नाही. मोठ्या, प्रतिष्ठित धर्मव्यवस्थेतही तो शिरतो.

वेदोक्त प्रकरण नेमके काय?

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक जाऊन कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला. पाच वर्षांनी, १८९९ च्या कार्तिक स्नानावेळी पंचगंगेच्या घाटावर भटजी वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी महाराजांच्या लक्षात आणून दिले. वेदमंत्र क्षत्रियांसाठी, पुराणमंत्र शूद्रांसाठी, अशी ती विभागणी. म्हणजे ज्याच्या तिजोरीतून पुरोहिताला इनाम मिळत होते, त्या राजाला तोच पुरोहित रोज शूद्र ठरवत होता.

महाराजांनी एकदम हातघाईवर न येता आधी शास्त्रार्थाचा मार्ग धरला. समिती नेमली, तिचा कौल आपल्या बाजूने आल्यावर राजोपाध्यांना वेदोक्त विधी करण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला. मे १९०२ मध्ये त्यांची इनामे जप्त झाली. हे प्रकरण मुंबई सरकारपासून थेट व्हाइसरॉयपर्यंत गेले, पण दरबारचा निर्णय टिकला. ‘केसरी’त टिळकांनी पुरोहितांची बाजू घेतली आणि महाराष्ट्र दोन तटांत उभा राहिला.

आता एक गोष्ट बारकाईने पाहू. महाराजांना देव नको होता, विधी नको होता, असे यात कुठेच नाही. उलट विधी हवा होता म्हणूनच भांडण झाले. नास्तिक माणूस मंत्र कोणता म्हटला यावर तीन वर्षे घालवत नाही. त्यांचा आक्षेप मक्तेदारीला होता. देवाकडे जाण्याचा रस्ता एकाच जातीच्या ताब्यात, आणि त्या जातीच्या निर्णयावर अपील नाही, हे त्यांना मान्य नव्हते.

याचा नोकऱ्यांशी काय संबंध?

थेट संबंध आहे. त्यांनी सूत्रे घेतली तेव्हा दरबारच्या सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. देवघरातली मक्तेदारी आणि कचेरीतली मक्तेदारी एकाच घरची. २६ जुलै १९०२ रोजी महाराज इंग्लंडमध्ये असताना मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. त्याच्या आगेमागे वसतिगृहे सुरू झाली : १९०१ मध्ये मराठा आणि जैन, पुढे मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मुलांसाठीची. ज्या त्या समाजाने आपला धर्म पाळावा, पण पोराने शिकावे, अशी ती रचना होती. जातवार वसतिगृहांवर तेव्हाही टीका झाली आणि ती अगदीच चुकीची नव्हती. पण वाट बघत बसले असते तर निदान एक पिढी शाळेबाहेर राहिली असती.

महाराज सत्यशोधक होते की आर्यसमाजी?

दोन्ही प्रवाहांना त्यांनी आश्रय दिला, आणि इथे चरित्रकारांची तारांबळ उडते. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ नको, ही त्याची भूमिका. १९१८ मध्ये आर्य समाजाची शाखा आली आणि पुढच्या वर्षी राजाराम कॉलेजही त्याच्याकडे सोपवले गेले. आर्य समाजाला वेद प्रमाण, सत्यशोधकांना ते मान्य नाहीत. तर्काने हे जुळत नाही. मात्र सामान्य माणसाला पुरोहिताच्या हातून सोडवणारे जे जे मिळेल ते घ्यायचे, असा हिशेब धरला तर जुळते.

क्षत्रजगद्गुरू : नवी मक्तेदारी?

या चरित्रातला सर्वांत अवघड प्रसंग १९२० चा आहे. भुदरगड तालुक्यातील पाटगाव येथे शिवकाळातील मौनी महाराजांचा मठ आहे. त्या गादीवर महाराजांनी सदाशिव लक्ष्मण पाटील बेनाडीकर या शिकलेल्या मराठा तरुणाला ‘क्षत्रजगद्गुरू’ म्हणून बसवले. मराठ्यांना शंकराचार्यांच्या पीठाकडे पाहावे लागू नये, हा हेतू. मराठा पुरोहित तयार करण्यासाठी श्री शिवाजी वैदिक विद्यालयही त्याच सुमारास निघाले.

सत्यशोधकांतूनच यावर आक्षेप आला, आणि तो रास्त होता. मध्यस्थच नको म्हणायचे आणि नवा जगद्गुरू नेमायचा, हे कसे? भटजी बदलला, पण व्यवस्था तीच राहिली. राजाच्या हुकमाने गुरू ठरतो तेव्हा धर्म आणि सत्ता यांतले अंतर आणखी कमी होते, हेही खरे. तरी याला ‘कल्ट’ म्हणता येणार नाही. तो गुरू न मानणाऱ्याला शिक्षा नव्हती, आणि ज्यांनी महाराजांवर टीका केली ते सत्यशोधक संस्थानात आपले काम करतच राहिले.

गंमत म्हणजे त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी अस्पृश्य समाजाला आपला पुढारी आपल्यातूनच निवडा असे सांगितले आणि डॉ. आंबेडकरांकडे बोट दाखवले. मराठ्यांसाठी नेमणूक, अस्पृश्यांसाठी निवड. दुसरी वाट जास्त टिकली, हे इतिहासाने दाखवले.

श्रद्धेला हात लावायचा कधी?

१९२० मध्येच संस्थानात जोगतिणी, मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा झाला. यल्लम्मावर श्रद्धा ठेवायला बंदी नव्हती. आपल्या नवसासाठी दुसऱ्याच्या, तेही अजाण मुलीच्या, आयुष्याचा सौदा करायला होती. त्याआधी १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली होती. म्हणजे जातीच्या बाहेर पडू पाहणाऱ्याच्या पाठीशी संस्थान उभे राहिले.

६ मे १९२२ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, मुंबईत महाराजांचे निधन झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, तेव्हा श्रद्धा कोणती आणि अंधश्रद्धा कोणती याची व्याख्या करण्याच्या फंदात तो पडला नाही. त्याने कृत्यांची यादी दिली : भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या दाव्याने फसवणूक, औषधोपचारापासून रोखणे, नरबळी. तक्रार नोंदवायची तर माणूस काय मानतो हे सांगावे लागत नाही, त्याने काय केले एवढे सांगावे लागते.